पेशंट अंगावर धावून येतो तेव्हा काय करायचं: सोलापुरात घरी आणि वॉर्डात सेवा करणाऱ्यांसाठी

मुलगा पुण्याला कंपनीत, मुलगी हैदराबादला दिलेली, आईवडील जुळे सोलापूर भागात आणि त्यांच्याजवळ बारा तासांच्या ड्युटीवर एक मावशी नाहीतर मामा. असं घर आता आपल्याकडे नवं राहिलेलं नाही. कामावर घेताना मावशीला विचारतात, डायपर बदलता येतं का, शुगर तपासता येते का, नळीतून पातळ देता येतं का. पेशंटनं कानाखाली लावली तर काय कराल, हे मात्र कुणी विचारत नाही. मावशी-मामा पुरवणारे सेंटरवालेही शिकवत नाहीत. मग पहिल्यांदा मार बसला की ती एकतर रडत सोसते, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही.

आधी वॉर्डातली नोकरी आणि नंतर घरोघरी जाणाऱ्या मावशींना शिकवणं, या दोन्हींतून माझं एक मत पक्कं झालंय. हात उगारला जातो त्याच्या बरंच आधीपासून काहीतरी बिघडत आलेलं असतं. बघणाऱ्याला ते दिसतं. म्हणून या लेखात हात सोडवून घेण्यावर कमी आणि त्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासावर जास्त लिहिलंय. घरातल्या घरात आईवडिलांचं करणाऱ्या सुना-मुलांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पायरी १: हे आजचं आहे की जुनं?

काल संध्याकाळपर्यंत बरे होते, आज सकाळपासून शिव्या देतायत, ओळखत नाहीत, भिंतीवर काहीतरी दिसतंय म्हणतात. मध्येच ग्लानीत, मध्येच पिसाळल्यासारखे. असं तासातासाला बदलत असेल तर तो स्वभाव नव्हे आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याचीही गोष्ट नव्हे. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. शरीरात काहीतरी बिघडल्यानं मेंदू गोंधळतो, आणि तो बिघाड सापडला तर माणूस बऱ्याचदा पुन्हा ताळ्यावर येतो. अशा वेळी समजूत घालत बसू नका, पुढच्या गोष्टी तपासा.

पाणी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात असतो. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, आणि पुन्हा पुन्हा लघवीला उठायला नको म्हणून कित्येक जण मुद्दाम पाणी टाळतात. जीभ कोरडी, लघवी गडद आणि थोडी, दुपारनंतर चिडचिड, एवढी खूण पुरे. एकदम तांब्याभर पाजू नका, दर थोड्या वेळानं अर्धी वाटी द्या. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर दिवसाला किती पाणी चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं असावं.

शुगर. इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता राहिला, की अर्ध्या-एक तासात घाम, थरथर आणि भलताच संताप सुरू होऊ शकतो. ताट भिरकावणाऱ्या डायबेटिसच्या पेशंटची आधी शुगर बघा. ७० च्या खाली असेल, शुद्ध नीट असेल आणि गिळता येत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ लावा.

पोट आणि लघवी. तीन-चार दिवस पोट साफ नाही, ओटीपोट टणक लागतंय, नळी कुठं दुमडली आहे का, लघवीला घाण वास किंवा अंगात कणकण. बोलता न येणारा पेशंट हे सगळं हातानं बोलतो. लघवीच्या इन्फेक्शनमुळे ‘वेडं झालेलं’ म्हातारं माणूस औषधांनी चार-पाच दिवसांत पूर्वपदावर आलेलं वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकीनं पाहिलेलं आहे.

शिवाय विचारा: नवी गोळी सुरू झाली का? गेल्या काही आठवड्यांत पडले होते का? डोक्याला लागल्यावर आत रक्त हळूहळू साचून लक्षणं उशिरानंही दिसतात. आणि घरचे जे सहसा सांगत नाहीत ते: रोज पिण्याची सवय होती का? मांडीचं हाड मोडून पलंगावर पडलेल्या, रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात सुटते. साधारण ६ ते २४ तासांत हातपाय थरथरू लागतात, दोन-तीन दिवसांत भास आणि मारहाण. हे जीवावर बेतू शकतं, घरी निभावायचं काम नव्हे.

यातलं काहीही असलं तर डॉक्टर. बाकीच्या पायऱ्या त्यानंतर.

पायरी २: पहिल्या दिवशीची चौकशी

‘तसं काही नाही हो, थोडे तापट आहेत.’ हे वाक्य ऐकलं की पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. आतापर्यंत कुणावर हात उगारलाय का? कुणावर, आणि तेव्हा काय चाललं होतं? आधीच्या मावशीनं काम का सोडलं? शेवटच्या प्रश्नावर घरचे एकमेकांकडे बघू लागले तर उत्तर मिळालं असं समजा.

मग माणसाची माहिती घ्या. नोकरी-धंदा काय केला, उजव्या हाताचे की डाव्या, लकव्याची बाजू कोणती, कोणत्या कानानं ऐकू येतं, चष्मा आणि कानाचं मशीन कुठं असतं. मशीनची बॅटरी संपलेली असताना मागून जाऊन अंगाला हात लावला तर कुणीही दचकून फटका देईल.

हाक कशी मारायची तेही विचारून घ्या. आयुष्यभर गुरुजी म्हणवून घेतलेल्या माणसाला ‘आजोबा, चला उठा’ म्हटलेलं झोंबतं. कुणी अण्णा असतं, कुणी आप्पा, कुणी मालक, कुणी अव्वा. घरात जे चालतं तेच आपण घ्यायचं.

आणि भाषा. सोलापुरात हे विसरून चालत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, कुठं दखनी. माणूस बाजारात आयुष्यभर मराठी बोलला असला तरी स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा आणि लकव्यानंतर कधी कधी लहानपणची भाषा तेवढी शिल्लक राहते. पाणी, दुखतंय, पुरे, लघवी, हे चार शब्द तरी घरच्यांकडून वहीत लिहून घ्या. पाण्याला तेलुगूत नीळ्ळु, कन्नडात नीरु. दुखण्याला नोप्पी आणि नोवु. कन्नडात साकु म्हणजे पुरे. तेलुगूत पुरेला चालु म्हणतात, आपल्याकडची काही घरं सालु म्हणतात. आता अम्मा ‘चालु, चालु’ म्हणून सांगतायत आणि मराठी मावशी अजून एक घास पुढं करतेय. तिसऱ्या घासाला वाटी उडाली तर अम्मांची काय चूक?

खोलीत नजर फिरवा. पानाच्या डब्यातला अडकित्ता, फळं कापायची सुरी, टेबलावरचा काचेचा ग्लास, पितळी तांब्या. हे सगळं गाजावाजा न करता पेशंटच्या हाताच्या टप्प्याबाहेर हलवा. चालायची काठी काढून घेऊ नका. ती गेली तर माणूस पडेल, आणि आधी चिडेल. तुमची स्वतःची तयारी: केस बांधलेले, ओढणी किंवा पदर खोचलेला, लोंबती कानातली काढून ठेवलेली, मंगळसूत्र आत. नखं कापलेली, तुमची आणि पेशंटचीही.

पायरी ३: अंघोळ

मारामाऱ्या सगळ्यात जास्त कुठं होतात विचाराल, तर न्हाणीघरात आणि डायपर बदलताना. जरा पेशंटच्या जागी बसून बघा. कुणीतरी अनोळखी बाई येते, पांघरूण ओढते, कपडे काढते, थंड फरशीवर नेते आणि डोक्यावर तांब्या ओतते. हे सगळं दहा मिनिटांत, कारण तिला पुढं नाश्ता करायचाय. स्मृतिभ्रंश झालेल्या आईंच्या डोक्यात त्या वेळी ‘अंघोळ’ नसतेच, कुणीतरी आपली लाज काढतंय एवढंच असतं. आणि त्या प्रतिकार करतात.

म्हणून असं करा. वेळ त्यांची घ्या. आयुष्यभर पहाटे पाचला न्हालेल्या माणसाला अकरा वाजता नेऊ नका, आणि उलटही नको. ज्या दिवशी नळाला पाणी येणार त्या सकाळी घरात मोटार, बादल्या, पिंप, आरडाओरडा असं सगळं एकदम चालतं. त्या गडबडीत अंघोळ ठेवायचीच नाही, पाणी भरून घर शांत झालं की मग बघू. न्हाणीघरात आधीच सगळं मांडून ठेवा: खुर्ची, कोरडे कपडे, साबण, दोन मोठे टॉवेल. आपल्या गावात टॉवेलला तोटा नाही. एक खांद्यावरून, एक मांडीवर, आणि ते भिजले तरी शेवटपर्यंत काढायचे नाहीत; त्याच्याखालून हात घालून धुवायचं. अंग झाकलेलं राहिलं की अर्धा विरोध तिथंच संपतो.

पाणी कोमट, आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितलेलं. सुरुवात पायांपासून. ‘अव्वा, पायावर पाणी घालते हं’, असं आधी सांगायचं, मग घालायचं. पाय, मग हात, मग पाठ. तोंड त्यांचं त्यांना पुसू द्या. केस दुसऱ्या दिवशी धुवा, त्याच वेळी डोकं आणि अंग दोन्ही उरकायचा हट्ट नको. त्यांच्या हातात एक छोटा नॅपकिन नाहीतर साबण द्या. हात कामात राहतो, मनही.

‘नको’ म्हणाल्या तर थांबा. वीस मिनिटांनी दुसरं काही बोलत पुन्हा या. तरीही नको असेल तर त्या दिवशी ओल्या कपड्यानं मान, काखा, जांघा आणि पाय एवढं पुसून घ्या. एक दिवस अंघोळ राहिली म्हणून काही बिघडत नाही. न्हाणीघरात झटापट होऊन खुबा मोडला तर सहा महिने बिघडतात. हे घरच्यांनाही एकदा स्पष्ट सांगून ठेवा, कारण ‘आज आईला अंघोळ का नाही’ हा फोन पुण्याहून येणारच.

डायपरचंही असंच. दोघी असाल तर एकीनं तोंडाशी उभं राहून हात हातात घेऊन बोलत राहायचं आणि दुसरीनं काम करायचं. दोघींनी एकमेकींशी गप्पा मारत, मधे पेशंट हे गाठोडं असल्यासारखं काम केलं की लाथ ठरलेली.

पायरी ४: दिवेलागणीची वेळ

दिवसभर शांत असलेली माणसं संध्याकाळी पाच-सहानंतर अस्वस्थ होतात, घरभर फिरतात, ‘मला माझ्या घरी सोडा’ म्हणतात. स्मृतिभ्रंशात हे पुष्कळदा दिसतं. थकवा, अंधूक उजेड, भूक, घड्याळाचं भान सुटणं, सगळं एकत्र येतं.

पूर्व भागातल्या एका घरातलं सांगते. गिरणीत जन्म काढलेले आजोबा, संध्याकाळ झाली की चप्पल शोधायचे. ‘रात्रपाळी आहे, डबा भरा.’ सून समजुतीनं सांगायची की गिरणी बंद पडून जमाना झाला, आता तिथं काही राहिलं नाही. आजोबांच्या दृष्टीनं ही बाई त्यांचा खाडा पाडायला निघालेली. एका संध्याकाळी काठी उगारली. त्या घरी नवी आलेली मावशी मुळात बिडी कामगार, शाळा चौथीपर्यंत. तिनं वादच घातला नाही. चप्पल पायात घालून दिली आणि विचारलं, ‘कुठल्या खात्यात होता तुम्ही?’ साचाखात्यात, म्हणाले. एका वेळी किती साचे बघायचा, धागा तुटला की काय करायचा, जॉबर कोण होता, असं विचारत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि बोलत बोलतच परत घेऊन आली. दारात आल्यावर म्हणाली, ‘चहा घेऊन जाऊ.’ चहा झाला, पाळी विसरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा फेरी. म्हणजे बरं काही झालं नाही. पण काठी पुन्हा वर गेली नाही.

खोटं बोलावं का, असं मला विचारतात. ‘आज गिरणीला सुट्टी आहे’ एवढं सांगून भागत असेल तर मी त्याला पाप म्हणणार नाही. पण मेलेल्या बायकोबद्दल ‘येतीय बघा आत्ता’ असं सांगू नका, माणूस रात्रभर दाराशी बसतो. ती कशी होती, काय स्वयंपाक करायची, हे विचारलं तर बहुतेकांचं मन तिकडं वळतं.

बाकी तयारी साधी आहे. अंधार पडायच्या आधी दिवे लावा. खिडकीच्या काचेत किंवा आरशात दिसणाऱ्या स्वतःच्याच चेहऱ्याला काही पेशंट चोर समजतात, पडदा ओढून घ्या. पाचला काहीतरी खायला द्या. टीव्हीवरचे भांडणाचे कार्यक्रम बंद. दुपारची झोप तासाभराच्या वर जाऊ देऊ नका. मिरवणुकांचे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. डीजे घरावरून जाणार असेल त्या संध्याकाळी पेशंटला आतल्या खोलीत किंवा शक्य असेल तर दुसऱ्या नातेवाइकाकडे हलवा. गड्ड्याच्या जत्रेतलं शोभेचं दारूकाम तुम्हा-आम्हाला कौतुकाचं, मेंदू गोंधळलेल्या माणसाला ते काय वाटत असेल कोण जाणे.

पायरी ५: आता तापलंच आहे

मुठी आवळल्या जातात. येरझारा सुरू होतात. नजर एका जागी रोखते. बडबडा माणूस एकदम गप्प होतो. ही खूण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. असं दिसलं की हातातलं काम जिथल्या तिथं सोडा. घास, गोळी, डायपर, काहीही.

दोन हात अंतरावर मागं सरका. अगदी समोर छातीला छाती लावून उभं राहू नका, थोडं तिरकं राहा. हात उघडे, कमरेच्या आसपास, दिसतील असे. दार तुमच्या बाजूला असू द्या, पण पेशंटचीही वाट अडवू नका. कोंडलेला माणूस अंगावर येतोच. गरम चहा, ताट, ट्रे हातात असेल तर खाली ठेवा.

बोलायचं एकानंच. घरातले चार जण ‘अहो बाबा’, ‘अगं आई’ करत धावत आले की भडका उडतो. बाकीच्यांना डोळ्यांनी खूण करून बाहेर पाठवा. आवाज नेहमीपेक्षा खाली. वाक्य चार-पाच शब्दांचं, आणि त्यानंतर थांबा. गोंधळलेल्या मेंदूला ऐकलेलं उमगायला वेळ लागतो, मनात दहा अंक मोजा. ‘अण्णा, मी इथंच आहे.’ ‘तुम्हाला राग आलाय.’ ‘मी हात लावत नाही.’ ‘खुर्चीवर बसायचं, की अंगणात जायचं?’ निवड दोनच गोष्टींची द्या, आणि दोन्ही तुम्हाला चालतील अशा.

काय बोलू नये: ‘शांत व्हा.’ ‘लहान मुलासारखं काय करता?’ ‘थांबा, मुलाला फोन लावते.’ ‘काल तर नीट होता.’ आणि हसू तर नकोच, घाबरून आलेलं असलं तरी.

दोन-तीन मिनिटांत उतरत नसेल तर ‘पाणी घेऊन येते’ म्हणून खोलीबाहेर पडा, दाराआडून लक्ष ठेवा. निघून जाणं हा पळपुटेपणा नव्हे. पेशंटच्या हातात सुरी, विळी, काच असेल तर ती काढून घ्यायला जाऊ नका. खोलीतली सगळी माणसं बाहेर, दार ओढून घ्या, ११२.

पायरी ६: पकडलंच तर

मनगट धरलं तर मागं ओढू नका. पकड अंगठा आणि बोटांच्या मधे सैल असते. त्या फटीच्या दिशेनं मनगट वळवून काढा. केस धरले तर त्यांचा हात तुमच्या दोन्ही हातांनी डोक्यावरच दाबून धरा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि शांतपणे नाव घेत राहा. पकड सुटेपर्यंत उलट दिशेला झटका देऊ नका. चावलं तर दात असतील तिथून हात ओढला की मांस फाटतं. हात हळूच तोंडाच्या दिशेनंच दाबा, जबडा आपोआप सैलावतो.

हे वाचून येत नाही. मैत्रिणीबरोबर, घरातल्या कुणाबरोबर चार-पाच वेळा करून बघा. उलट मारणं, हात पिरगाळणं, नाक दाबणं, तोंडावर उशी किंवा कपडा धरणं, पालथं पाडून पाठीवर बसणं यातलं काहीही कधीच नाही. पालथं दाबून धरल्यानं माणसं दगावलेली आहेत.

पायरी ७: नंतरचा तास

चावा किंवा बोचकारल्याची जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली पाच-दहा मिनिटं धुवा. हळद, चुना, कुंकू नको. रक्त आलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी बद्दल विचारा. खरं तर या कामात पडणाऱ्या प्रत्येकीनं हिपॅटायटिस बी ची लस आधीच घ्यावी. तीन डोस असतात: पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

पेशंट थकलेला, भेदरलेला असतो. बऱ्याचदा काय झालं ते त्याला आठवतही नाही. जाब विचारू नका. पाणी द्या, ओले कपडे बदला, कुठं लागलंय का बघा.

मग वही. शंभर पानी साधी वही घ्या आणि घडलेलं त्याच दिवशी लिहा: आधी काय चाललं होतं, नेमकं काय झालं, नंतर काय केलं. ‘पेशंट ॲग्रेसिव्ह’ एवढं लिहून काही कळत नाही. असं लिहा: ‘सकाळी ११.१०. नाश्ता उरला होता. डाव्या बाजूला वळवताना डाव्या खांद्याला धरलं. ओरडले, उजव्या हातानं माझ्या गालावर मारलं. थांबले. पाणी दिलं. ११.४० ला उजव्या बाजूनं वळवलं, काही बोलले नाहीत.’ अशा चार नोंदी झाल्या की खांदा दुखतोय हे डॉक्टरला सांगावं लागत नाही, ते वहीतच दिसतं. खाली वेळ, सही, आणि घरच्यांपैकी एकाची सही. पुढं कधी ‘मावशीनंच काहीतरी केलं असेल’ असं निघालं तर ही वहीच तुमच्या बाजूनं बोलेल.

पायरी ८: नातेवाईक

पेशंटपेक्षा नातेवाईक जड जातात, असं बहुतेक मावशी सांगतात आणि ते खोटं नाही.

चोरीचा आळ सगळ्यात वाईट. स्मृतिभ्रंशात वस्तू स्वतःच कुठंतरी ठेवायची, विसरायची आणि जवळच्या माणसावर आळ घ्यायचा, हे आजाराचंच लक्षण आहे. पाटली नेसूच्या गाठीत सापडते, पैसे तांदळाच्या डब्यात. पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर दागिने आणि रोकड कपाटात ठेवून किल्ली त्यांच्याकडे द्या, अंगावर काय राहिलं ते वहीत लिहा. आजी ‘माझी बांगडी घेतलीस’ म्हणाल्या तर ‘मी चोर आहे का?’ म्हणून भिडू नका. ‘चला, दोघी मिळून शोधू.’ पण मुलगा तसं म्हणाला तर तिथं गप्प बसू नका. वही दाखवा, सेंटरला तिथल्या तिथं फोन करा. झडती हवी असेल तर पोलिसांना बोलवा म्हणा, घरच्यांना अंगाची झडती घेऊ देऊ नका.

दोन भाऊ दोन हुकूम देतात: एक म्हणतो भात द्या, दुसरा म्हणतो शुगर आहे, भात बंद. यात पडायचंच नाही. ‘डॉक्टरांनी लिहून दिलेलं मी करते. बदल हवा असेल तर वहीत लिहून सही करा.’ एवढ्यानं निम्मे हुकूम विरतात. भांडी, धुणं, पाहुण्यांचा स्वयंपाक कामात धरलंय का, सुट्टी कधी, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथं भडका बहुतेक वेळा माहिती न मिळाल्यानं उडतो. सिव्हिलला गावाकडून आलेले पंधरा जण बाहेर बसलेले, तासभर कुणी काही सांगितलेलं नाही. अशा वेळी ‘डॉक्टर राउंडला आहेत, अर्ध्या तासात मी स्वतः येऊन सांगते’ म्हणावं आणि खरंच यावं, सांगण्यासारखं काही नसलं तरी. एक जाणता माणूस निवडायला सांगा, बोलणं त्याच्याशीच. वाईट बातमी उभ्या उभ्या, पॅसेजमध्ये, एकट्यानं देऊ नका. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसेविरुद्ध कायदा आहे. डॉक्टर, नर्स यांच्यासह रुग्णालयातले कर्मचारी त्यात येतात. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

पायरी ९: नको तो स्पर्श

यावर बोलायला मावशी लाजतात, आणि सेंटरवाले ‘म्हातारा माणूस आहे, जाऊ द्या’ म्हणतात. मेंदूच्या आजारात माणसाचा संयम सुटू शकतो, हे खरं. तेव्हा हात बाजूला करून ठाम, सपाट आवाजात ‘नाही, हात काढा’ एवढंच म्हणा, काम थांबवा, वहीत लिहा, डॉक्टरांना आणि घरच्यांना कळवा. अंघोळीसाठी मामा बोलवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

शुद्धीतला पेशंट, त्याचा मुलगा, जावई, भाडेकरू यांनी केलं तर प्रकरण वेगळं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलंय. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या सेंटरला अंतर्गत समिती ठेवावी लागते. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तातडीला ११२, महिलांसाठी १८१.

पायरी १०: बांधणं आणि झोपेचं औषध

‘रात्री हात बांधून ठेवा, नाहीतर नळी ओढतात.’ असं सांगणारे घरचे दुष्ट नसतात, थकलेले असतात. तरी नाही म्हणा. बांधलेला माणूस जास्त झटापट करतो, कातडी सोलते, गळ्यात पट्टा अडकून जीव जाऊ शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मनोरुग्णाला साखळीनं बांधायला पूर्ण बंदी घालतो. रुग्णालयातसुद्धा शारीरिक बंधन तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच आणि मानसोपचार तज्ज्ञाच्या परवानगीनं. कर्मचारी कमी आहेत हे कारण चालत नाही. नळी ओढत असतील तर नळी खरंच लागते का हे डॉक्टरांना विचारा, ती कपड्याआड लपवा, हातात उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल द्या.

थेंबांचंही तेच. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून वरणात शांत करणारे थेंब मिसळण्याचे प्रकार चालतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या जातीच्या, म्हणजे अँटिसायकोटिक, औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्येच दिलाय. कंपवाताच्या पेशंटचं तर अंग आणखी आखडतं. कधी कधी ही औषधं लागतात, पण ती डॉक्टरांनी तपासून, कमीत कमी मात्रेत, किती दिवस ते ठरवून. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. घरूनच बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७. फोन करताना वही समोर ठेवा.

काम सोडायची वेळही येते. दोनदा लिहून कळवूनही घरचे डॉक्टरांकडे नेत नाहीत, धारदार वस्तू हलवत नाहीत, रात्री एकटीलाच ठेवतात, तर सोडा. न सांगता मात्र जाऊ नका. सेंटरला आणि घरच्यांना व्हॉट्सॲपवर तारीख टाकून कळवा, बदली माणूस येईपर्यंत किती तास थांबाल ते सांगा, झालेल्या दिवसांचा हिशेब लिहून घ्या. वहीच्या पानांचे फोटो स्वतःकडे ठेवा आणि मूळ वही नव्या मावशीच्या हातात द्या; अंघोळीचं, खांद्याचं आणि संध्याकाळच्या फेरीचं पान दुमडून.